शॉकअप किती आवळायचा?

कोल्हापूरच्या जुन्या वाहनांना मिळालेल्या नावांपैकी ‘खडखडा’ हे नाव सर्वांत प्रामाणिक म्हणावे लागेल. राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्रांत आणि आठवणींत ही गाडी पुन्हा पुन्हा भेटते. नवे घोडे जुंपणीला तयार करायचे, त्यांच्या अंगातली मस्ती जिरवायची, त्यासाठी वापरायची ती उघडी, भक्कम चारचाकी. महाराज स्वतः लगाम हाती घेऊन ती हाकत. नाव पडले ते आवाजावरून. त्या काळच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या रस्त्यावरून चारही चाके जे बोलत होती तेच गाडीचे नाव झाले.

आज त्याच कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या किंवा हायवेलगतच्या एखाद्या गॅरेजमध्ये, तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आपली पोलो किंवा स्विफ्ट घेऊन येतो. इंजिनाचा ‘रीमॅप’ झालेला असतो, टायर रुंद झालेले असतात, आता पाळी शॉकअपची. (पुस्तकात ‘शॉक ॲब्सॉर्बर’ असले तरी आपल्याकडे फिटरपासून मालकापर्यंत सगळे शॉकअपच म्हणतात, तेव्हा या लेखातही तोच शब्द.) बाहेरून मागवलेल्या जोडीच्या डोक्यावर एक लहानशी फिरकी असते. फिरवली की टिक्-टिक् वाजते आणि प्रत्येक टिक्‌ला शॉकअप थोडा कडक किंवा मऊ होतो. फिटर विचारतो, कितीवर ठेवू? उत्तर ठरलेले असते: “फुल्ल आवळा.”

ही फिरकी मुळात कशासाठी आली याचा शोध मी गेली काही वर्षे घेतो आहे. माझे शिक्षण कॉमर्सचे. इंजिनिअरिंग शिकलो ते जुन्या बाजारातल्या मोटारींच्या मॅन्युअलांतून आणि फिटर मंडळींच्या संगतीत. त्यातून एक गोष्ट दिसत गेली. आज ‘परफॉर्मन्स’ या नावाने विकली जाणारी ही वस्तू जन्मली ती खराब रस्त्यामुळे आणि झिजेमुळे. फिरकी आली ती गाडी कडक करण्याच्या हौसेपायी आलेली नाही. एकच ताण सगळ्या रस्त्यांना आणि सगळ्या ऋतूंना पुरत नाही, हे कळल्यावर ती आली.

आधी स्प्रिंगबद्दल. स्प्रिंग धक्का खाते असे आपण म्हणतो, पण ती तो खात नाही, साठवते. चाक दगडावर चढले की स्प्रिंग दबते, दगड मागे पडला की साठवलेले सगळे परत देते, आणि मग गाडी झोक्यासारखी वरखाली होत राहते. हा झोका थांबवायला कोणीतरी ती ऊर्जा काढून घ्यावी लागते, म्हणजे तिची उष्णता करून टाकावी लागते. शाळेच्या भौतिकशास्त्रात याला अवमंदन म्हणतात, गॅरेजमध्ये डॅम्पिंग. शॉकअपचे काम एवढेच. लांबचा प्रवास करून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, तो कोमट लागतो. रस्त्यावरचे खड्डे त्या तेलात मुरलेले असतात.

बग्गीच्या काळात वेगळा शॉकअप लागला नाही, याचे कारण पाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या वाकताना एकमेकींवर घासतात, आणि ती घासण झोका मारते. जुन्या ट्रकवाल्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पाट्यांत ग्रीस भरले की गाडी मऊ होते पण डुलते, पाटे गंजले की डुलत नाही पण कंबर मोडते. पाट्यांची स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, फक्त त्यातला शॉकअप कोणाच्या ताब्यात नव्हता. तो पावसाच्या आणि गंजाच्या ताब्यात होता.

मोटार आली आणि वेग वाढला, तसे हे पुरेनासे झाले. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या गृहस्थाने दोन दांड्यांची कात्री केली. एक दांडी चासीला, एक ॲक्सलला, आणि मध्ये सांध्यावर चकत्या. चाक हलले की कात्री उघडते-मिटते, चकत्या घासतात आणि झोका मरतो. १९०४ साली गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत जिंकणाऱ्या लेऑं तेरी यांच्या रिशार-ब्राझिए गाडीला हेच बसवलेले होते. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्ड याने त्याचे हक्क घेतले आणि पुढची तीस वर्षे ‘हार्टफर्ड’ हे जवळजवळ सामान्यनामच झाले. मधल्या सांध्यावर एक नट असे. पान्याने आवळला की शॉकअप कडक, सैल केला की मऊ. म्हणजे गाडीच्या मालकाच्या हाती आलेला पहिला शॉकअपच ॲडजस्टेबल होता. ती चैन म्हणून नव्हे. चकत्या झिजत, सैल पडत, आणि दर काही दिवसांनी नट आवळावाच लागे.

इथे शर्यत आणि खराब रस्ता यांत फरक करण्याची घाई करू नये. त्या काळच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवर होत. धूळ, खडी, वळणे, वाटेतली गावे, सगळे तेच. शर्यतीच्या गाडीला जे लागे ते डाकगाडीलाही लागत होते.

घासणाऱ्या चकत्यांत मात्र एक मूळचाच दोष होता. स्थिर वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, एकदा हलू लागली की कमी, हे जड कपाट सरकवणाऱ्या कोणालाही माहीत असते. चकत्यांचेही तसेच. बारीक खडीवर त्या हलायलाच तयार नसत, त्यामुळे प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत जाई. मोठ्या खड्ड्यात, जिथे खरा विरोध हवा, तिथे त्या एकदा सुटल्या की घसरतच जात. हवे होते नेमके उलटे. ते तेलाने दिले. लहान भोकातून तेल हळू ढकलले तर सहज जाते, जोरात ढकलले तर अडते. विहिरीत सूर मारणाऱ्याला आणि चुकून पोटावर पडणाऱ्याला पाण्याच्या या स्वभावाची ओळख असते.

मोरिस ऊदाय या फ्रेंच माणसाच्या नावाने ओळखला जाणारा, पात्यांनी तेल ढकलणारा शॉकअप हा या वळणावरचा महत्त्वाचा टप्पा. १९२७ अखेरीस बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल ‘ए’ला ते चारही चाकांवर होते. मला या कथेतली सर्वांत आवडती गोष्ट इथे आहे. त्या शॉकअपला सुईसारखी एक झडप होती, आणि ती बाहेरून फिरवता येई. कारण साधे होते: थंडीत तेल जाड होते, उन्हाळ्यात पातळ. ऋतू बदलला की सुई थोडी फिरवायची. सामान्य शेतकऱ्याने, डॉक्टरने घ्यावी म्हणून काढलेल्या गाडीला ही सोय होती. १९२८ पासून मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सची जुळणी सुरू झाली होती, फोर्डचीही भारतात कंपनी निघाली होती, आणि संस्थानी मुलखात अमेरिकन गाड्यांचा सुळसुळाट होता. आपल्याकडच्या मे महिन्यात आणि डिसेंबरात तेलाच्या जाडीत किती अंतर पडत असेल याची कल्पना मराठी वाचकाला द्यायला नको.

कोल्हापूरला या काळाची एक खूण अजून चालती आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२–१९४०) दरबारी आलेली मेबॅक गाडी. झेपेलिन विमानांची इंजिने घडवणाऱ्या फ्रीडरिक्सहाफेनच्या कारखान्याची ही मोटार. दसऱ्याला छत्रपती घराणे तिच्यातून दसरा चौकात सोने लुटायला येते तेव्हा गर्दी निम्मी महाराजांना आणि निम्मी गाडीला बघायला जमते, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. ज्या दशकातली ती, त्या दशकात मोठ्या गाड्यांच्या शॉकअपची गोष्ट गाडीखालून वर, थेट ड्रायव्हरच्या हाताशी आली. लंडनच्या आंद्रे कंपनीने ‘टेलिकंट्रोल’ काढले: हार्टफर्डच्याच चकत्या, पण त्यांवर दाब देणारी रबरी पिशवी, आणि डॅशबोर्डवर फिरकी व दाब दाखवणारा काटा. रोल्स-रॉईसने तेलाच्या शॉकअपना गिअरबॉक्सवरच्या लहान पंपाने दाब पुरवला. वेग वाढेल तसा दाब आपोआप वाढे, आणि स्टिअरिंगच्या मध्यावरच्या दांडीने ड्रायव्हर त्यात आपली भर घाली. मागे राणीसाहेब बसल्या आहेत की महाराज एकटेच शिकारीला निघाले आहेत, यावर ती दांडी कुठे ठेवायची ते ठरत असणार. खडखड्यात जी जाण घोडेस्वाराच्या हातात होती ती आता मोटार हाकणाऱ्याच्या बोटांत आली.

घोड्यांवरून आठवले. आज जगभर जिचे ॲडजस्टेबल शॉकअप नावाजले जातात त्या कोनी या डच कंपनीची सुरुवात १८५७ मध्ये घोड्यांचा साज बनवणारा धंदा म्हणून झाली. द कोनिंग हे आडनाव, त्याचे कोनी. घोडे कमी झाले तसे घराणे मोटारीकडे वळले आणि १९३२ मध्ये पहिला शॉकअप निघाला. त्यांच्या जुन्या लाल शॉकअपची ॲडजस्ट करण्याची रीत आजच्या मुलांना विचित्र वाटते. शॉकअप गाडीवरून काढायचा, पूर्ण दाबायचा, दाबलेल्या अवस्थेत पिळायचा. तसे केले की आतला नट एका खाचेत अडकून फिरतो. वरचेवर फिरवण्यासाठी ही सोय नव्हतीच. काही वर्षांनी झडपा झिजल्या की थोडा पिळून पुन्हा नव्यासारखा करायचा, यासाठी ती होती. हार्टफर्डच्या नटाचेच हे तेलातले भावंड.

आणि एक महत्त्वाची गोष्ट: कोनीच्या या शॉकअपमध्ये पिळण्याने बदलतो तो फक्त परतीचा विरोध. चाक वर जाताना नव्हे, स्प्रिंग सुटून खाली येताना. चाक वर जाताना विरोध करायला स्प्रिंग आहेच, तिथे शॉकअपने फार दादागिरी केली तर खड्डा थेट डब्यात येतो. साठवलेली ऊर्जा सुटते तेव्हा लगाम हवा. फिटर लोक याला ‘रिबाउंड’ म्हणतात.

आता ‘फुल्ल आवळा’कडे वळू. रिबाउंड फार आवळला तर काय होते? चाक खड्ड्यात उतरायला हवे तेवढ्या चपळाईने उतरत नाही. ते हवेत राहते, आणि हवेतल्या टायरला पकड नसते. पकड नसेल तर ब्रेकही नाही, वळणेही नाही. कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांनी काढलेल्या पन्हाळी-पन्हाळीच्या रस्त्यावर तर आणखी एक गंमत होते. पहिल्या उंचवट्याला स्प्रिंग दबते, परत यायच्या आत दुसरा उंचवटा येतो, ती आणखी दबते, तिसऱ्याला आणखी. गाडी पायरीपायरीने बसत जाते आणि शेवटी रबरी स्टॉपवर टेकते. मालकाला वाटते गाडी किती घट्ट झाली! खरे तर त्या क्षणी गाडीला सस्पेन्शनच उरलेले नसते.

माणसाच्या शरीराशी याचा संबंध १९३० च्या दशकात मॉरिस ऑली याने जोडला. रोल्स-रॉईसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या या इंग्रज इंजिनिअरने वजने पुढेमागे सरकवता येतील अशी एक चाचणी गाडी बनवून, तिच्यात माणसे बसवून प्रयोग केले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा मऊ असाव्यात, म्हणजे गाडी पुढे-मागे डुचमळत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. गाडीच्या डब्याचा झोका सेकंदाला एक ते दीड असेल तर शरीराला तो बरा वाटतो. जवळपास आपल्या चालण्याचा ठेका. चाकाचा स्वतःचा थरथराट मात्र सेकंदाला दहा-पंधरा. शॉकअपने दोघांनाही आवरायचे असते, आणि दोघांना लागणारा ताण सारखा नसतो. घरच्या गाडीत हा ताण झोका पुरता थांबवायला लागेल त्याच्या साधारण पाव-एक हिश्श्यावर ठेवतात, शर्यतीच्या गाडीत दोन-तृतीयांशाच्या आसपास. शर्यतीचा डांबरी ट्रॅक गुळगुळीत असतो म्हणून ते परवडते.

आपल्याकडे या सगळ्या चर्चेला बराच काळ जागाच नव्हती. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया निघाली, मुलुंडला कारखाना झाला, आणि शॉकअप देशातच बनू लागले. पण मिळायचे ते एकाच ताणाचे. कुर्ल्याच्या प्रीमियर फियाटला जे येई तेच पुन्हा बसवायचे. नवे मिळेपर्यंत थांबायची तयारी नसेल तर जुने उघडायचे, झडप साफ करायची, नवे सील, नवे तेल. उद्यमनगराला हे जमले यात नवल नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा पाहून आपला कॅमेरा घडवला, जिथल्या फाउंड्र्यांनी आणि लेथांनी शेतकऱ्याच्या विहिरीवरची ऑइल इंजिने उभी केली, तिथे शॉकअपचा पिस्टन उघडून पाहायला कोण घाबरणार? कडक हवा असेल तर जाड तेल भरायचे, हा तेव्हाचा उपाय. गरिबाचे ॲडजस्टेबल. त्याची मर्यादा एकच होती, जाड तेल बारीक खडीलाही अडते आणि मोठ्या खड्ड्यालाही, निवड करत नाही.

१९८३ अखेरीस मारुती ८०० आली आणि रस्त्यावरच्या गाडीची रचनाच बदलली. पुढच्या चाकाला आता मॅकफर्सन स्ट्रट. यात शॉकअप हा वेगळा भाग उरला नाही. चाकाला सरळ उभे धरणारा खांबच शॉकअप झाला. तेव्हापासून शॉकअप बदलणे म्हणजे चाकाचा कोन, स्टिअरिंगचा सांधा, गाडीची उंची, सगळ्याला हात घालणे. आज जी ‘कॉइलओव्हर’ नावाची जोडी विकली जाते तिच्यात आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंगची बैठक वर-खाली फिरवता येते, आणि वर ती फिरकीही असते. गाडी खाली बसवणे आणि शॉकअप आवळणे या दोन वेगळ्या गोष्टी एकाच खरेदीत येतात. तरुण मंडळी बहुतेक पहिल्यासाठी पैसे मोजतात. गाडी खाली बसली म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी उरते, आणि मग उरलेल्या जागेत थांबण्यासाठी शॉकअप कडक करावाच लागतो. अशा रीतीने ‘फुल्ल आवळा’ ही गरज नसते, आधीच्या निर्णयाची शिक्षा असते.

मोटरसायकलने या गोंधळात भर घातली आहे. मागच्या स्प्रिंगवरची पाच खाचांची कडी फिरवली की लोक म्हणतात, शॉकअप कडक केला. ती कडी फक्त स्प्रिंगची सुरुवातीची बैठक उचलते, डबल सीट बसणाऱ्याच्या वजनासाठी. तेलाच्या झडपेशी तिचा संबंध नसतो. वाळूजच्या एन्ड्युरन्सपासून अनेक कारखान्यांनी असे लाखो शॉकअप रस्त्यावर आणले, आणि एका पिढीच्या डोक्यात ॲडजस्टेबल म्हणजे ही कडी असे बसले. मग तीच पिढी चारचाकीकडे आली.

कोल्हापूरला वेगाचे वेड आहे, आणि ते फक्त चौकातल्या गप्पांपुरते नाही. गावाजवळ मोहिते यांचा रेसिंग ट्रॅक आहे. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतमालिकेत चमकला, कृष्णराज महाडिक इंग्लंडमध्ये फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. ही मुले लहानपणी ज्यात शिकतात त्या गो-कार्टला स्प्रिंगही नसते आणि शॉकअपही नसतो. सांगाडाच थोडा वाकतो-पिळतो, तेवढेच. गुळगुळीत ट्रॅकवर ते चालते, आणि गाडी काय करते आहे हे थेट पाठीतून कळते. ट्रॅकवर शिकलेल्या मुलाला कडकपणाचा अर्थ ठाऊक असतो. तो कडकपणा नुसता बघून घरी नेणाऱ्याला मात्र वाटते की वेग म्हणजे कडकपणा.

रस्ता तर कोल्हापूरचा आहे. एकात्मिक रस्ते प्रकल्पाच्या नावाने टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे सगळे शहर रस्त्यावर आले होते, आणि टोल गेला. रस्त्याचा दर्जा हा आमच्याकडे राजकारणाचा आणि अस्मितेचा प्रश्न असतो, तांत्रिक मात्र कधी होत नाही. साधा स्पीडब्रेकर घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात त्याचे माप दिलेले आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. या मापाचा उंचवटा कडक गाडीलाही त्रास देत नाही. गल्लीतल्या मंडळाने रातोरात डांबराचा जो ढीग घातलेला असतो तो या मापातला नसतो. तो चाकाला एका क्षणात वर फेकतो. अशा वेळी शॉकअपच्या पिस्टनचा वेग प्रचंड असतो, गाडी मुंगीच्या गतीने चालली असली तरी.

हा पिस्टनचा वेग समजला की अर्धे कोडे सुटते. गाडीचा वेग आणि पिस्टनचा वेग या दोन गोष्टी आहेत. गगनबावड्याच्या घाटात गाडी वळणावर कलते तेव्हा वेग ताशी साठ असेल, पण पिस्टन संथ सरकत असतो. तिथे विरोध हवा, म्हणजे गाडी सावकाश कलेल, झोकांडी खाणार नाही. खड्ड्यात पिस्टन झटक्यात जातो, तिथे तेलाला वाट मोकळी हवी. चांगल्या शॉकअपमध्ये या दोन वाटा वेगळ्या असतात. संथ हालचालीसाठी बारीक भोक, झटक्यासाठी पातळ पोलादी चकत्यांची झडप, जी दाबाने वाकून उघडते. वरची फिरकी बहुतेक वेळा त्या बारीक भोकालाच लहानमोठे करते. १९५० च्या दशकात क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों या फ्रेंच संशोधकाने एकाच नळीत तेलामागे दाबाचा वायू कोंडला. तेव्हापासून तेलाचा फेस होणे थांबले आणि या बारीक भोकावर विसंबता येऊ लागले. बिलस्टाइनने हीच रचना जर्मन गाड्यांत आणली. त्याआधी घाटात दहा मिनिटे कडक चालवले की तेलात बुडबुडे होत आणि शॉकअप पाण्यासारखा मऊ पडे. तुम्ही फिरकी कुठेही ठेवा.

गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुलैत करूळ घाटाच्या ओल्या वळणावर पूर्ण आवळलेली गाडी आणि मध्यावर ठेवलेली गाडी यांत काय फरक आहे, हे शब्दांत सांगण्याइतके सोपे नाही. पण तो टायरच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत असतो, आणि ती जागा रस्त्याला चिकटून राहिली तरच माणूस वैभववाडीला चहा प्यायला पोचतो. ओल्यात शॉकअप मऊ करावा, हे शर्यतीतल्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असते. ‘परफॉर्मन्स’ला जर काही अर्थ असेल तर तो इथे आहे, आणि तो मऊपणाच्या बाजूला आहे.

कायद्याचे काय, असे मला नेहमी विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी, केरळातून आलेल्या प्रकरणात, स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल मालकाला करता येणार नाही. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आरसी बुकात शॉकअपचा रकाना नाही. मूळ मापाचा, मूळ उंची राखणारा, फक्त ताण बदलता येणारा शॉकअप आणि गाडी चार बोटे खाली आणणारी कॉइलओव्हर यांना एकाच तराजूत तोलणे मला योग्य वाटत नाही. पहिला ड्रायव्हरला १९२८ च्या फोर्डवाल्याइतकीच मुभा देतो. दुसरीने गाडीची भूमितीच बदलते. रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या अधिकाऱ्याकडून हा भेद करण्याची अपेक्षा ठेवावी का, हा प्रश्न आहे. मालकाकडून ठेवता येते.

जाणते फिटर ताण बसवतात ती पद्धत सांगतो. आधी फिरकी शेवटपर्यंत आवळायची. आवळून ठेवण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी, कारण बंद झडप ही एकच निश्चित जागा असते. सैल बाजूचा शेवट दर शॉकअपला वेगळा निघतो. तिथून टिक् मोजत मागे यायचे, पूर्ण मऊपर्यंत. मग ओळखीच्या रस्त्यावर जायचे. पंचगंगेच्या पुलाचे सांधे, शिये फाट्याकडची लाट, कुठेही, पण दरवेळी तोच रस्ता. गाडी लाटेनंतर दोनदा डुलली तर दोन टिक् आवळायचे आणि पुन्हा जायचे. एका डुलण्यात गाडी स्थिर झाली की थांबायचे. त्यापुढची प्रत्येक टिक् फक्त कानाला गोड वाटते. पुढची आणि मागची चाके वेगवेगळी, आणि डाव्या-उजव्याला सारखाच आकडा.

तो आकडा मग बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतात. माझ्या पाहण्यातल्या एका पांढऱ्या पोलोवर असे आकड्यांचे दोन संच आहेत. एकावर ‘पुणे’ लिहिले आहे आणि दुसऱ्यावर ‘गगनबावडा’. दुसरे आकडे मऊ बाजूचे आहेत.